शरदातल्या डोंगरवाटा आणि शिवारातली चूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सरला की मित्रमंडळींसोबत मराठवाड्यातले डोंगर चढायला आणि पायथ्याला ताज्या माळव्याचा (भाज्यांचा) स्वयंपाक करायला निघणाऱ्यांसाठी हे पान आहे. आमचं म्हणणं एकच: गड पहाटे चढा, चूल पायथ्याच्या शिवारात मांडा आणि त्या आठवड्यात शिवारात जे असेल तेच शिजवा. नूडल्सची पाकिटं गडावर वाहून नेण्याची या भागात, या दिवसांत काहीच गरज नाही.

नेमके कोणते दिवस चांगले?

दसऱ्याच्या आगेमागे सुरू होऊन डिसेंबर संपेपर्यंत. पण हे सगळे दिवस सारखे नसतात.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परतीचा पाऊस असतो. सकाळ लख्ख, दुपारी दोननंतर ढग भरून येतात आणि विजा कडाडतात. इथल्या गडांचे माथे सपाट आणि उघडे, एखाददुसरं झाड. विजेच्या वेळी थांबायला याहून वाईट जागा नाही. म्हणून या दिवसांत बाराच्या आत माथा सोडायचाच. धबधबे पाहायचे असतील तर मात्र हेच दिवस. बीडजवळचं कपिलधार आणि पाटोदा तालुक्यातलं सौताडा इथलं पाणी दिवाळीनंतर झपाट्याने कमी होतं.

ऑक्टोबरचा उरलेला भाग उन्हाचा. हवेत ओल, वर ३२-३३ अंशांचं ऊन, त्यामुळे घाम खूप जातो. दिवाळीनंतरचे पाच-सहा आठवडे सगळ्यात सुखाचे: पहाट गार, दुपार सोसवेल इतकी, तूर शेंगांवर आलेली. डिसेंबरात पहाटे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा मुक्काम असेल तर रजई लागतेच.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कुठे जावं?

छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्यांसाठी म्हैसमाळ आणि देवगिरी. देवगिरीला ‘बघायचा किल्ला’ समजून दुपारी अकराला जाणारे निम्म्यातून परततात. सकाळी दार उघडताच आत शिरा. अंधारीच्या, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी मार्गात प्रत्येकाकडे बॅटरी हवी. पायऱ्या उंच-सखल आहेत आणि वटवाघळांच्या विष्ठेने घसरड्या होतात. मोबाईलचा उजेड पुरतो, पण मग एक हात त्यातच अडकतो आणि भिंत धरायला उरत नाही. डोक्याला बांधायची बॅटरी बरी.

दोन-चार चढाया झाल्या असतील तर अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे वळा. सिल्लोड तालुक्यातल्या हळदा गावाकडून सोयगावला उतरणाऱ्या घाटाला लागूनच वेताळवाडीचा किल्ला आहे. घाटरस्त्यावरून निघालात तर चढ थोडा आहे, दरवाजे-बुरूज अजून खणखणीत आहेत, आणि त्याच दिवशी जवळची रुद्रेश्वर लेणी जोडता येतात. जंजाळा किल्ला आणि घटोत्कच लेणी ही दुसरी जोडी. सोयगाव तालुक्यातला सुतोंडा खडकात कोरलेल्या टाक्यांसाठी बघावा, पण तिथे गवतात वाट हरवते. गावातला माहीतगार सोबत घ्या आणि त्याच्या दिवसाची मजुरी निघण्याआधीच ठरवा.

कन्नडकडे अंतूर किल्ला आणि पितळखोरा लेणी. पितळखोऱ्याला आधी खाली उतरायचं असतं, चढ परतीला येतो. दमलेल्या पायांनी, भर दुपारी. त्यामुळे निम्मं पाणी परतीसाठी राखून ठेवा. ऑक्टोबरात तिथे ओढा वाहता असतो आणि दगडांवर शेवाळ असतं.

लातूर-धाराशिवच्या मंडळींना येडशीचं रामलिंग, धाराशिव लेणी, खरोसा लेणी आणि नळदुर्ग जवळ पडतात. बोरी नदीला पाणी असेल तर नळदुर्गच्या पाणीमहालावरून पडणारे नर-मादी धबधबे याच दिवसांत दिसू शकतात. नांदेडकरांना माहूरचा रामगड.

कोणत्या तारखा टाळाव्यात?

नवरात्रात माहूर. कोजागरीच्या आसपास तुळजापूरकडे जाणारे रस्ते, कारण सोलापूर आणि कर्नाटकातून लाखो भाविक पायी येतात, वाहतूक वळवलेली असते आणि नळदुर्गचा बेत फसतो. कार्तिक पौर्णिमेला कपिलधार, कारण मन्मथस्वामींच्या यात्रेला पालख्या येतात. तुम्हाला यात्राच अनुभवायची असेल तर जरूर जा, पण मग ती यात्रा समजूनच जा.

परवानगी लागते का?

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. अंतूर आणि पितळखोऱ्याकडचा बराच डोंगर त्याच जंगलाचा. वनविभागाच्या नाक्यावर नोंद करा आणि शुल्क भरा. अंधार पडल्यावर आत थांबू नका, तिथे बिबट्याचा वावर आहे. अभयारण्यात विस्तव पेटवणं हा गुन्हा आहे, मग चूल कितीही लहान असो. संरक्षित लेण्या-किल्ल्यांतही स्वयंपाक चालत नाही आणि ती स्मारकं सूर्यास्ताला बंद होतात. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, हे ठाऊक असूनही दर वर्षी माणसं दारावरून परततात.

किती जणांनी जावं आणि निघावं किती वाजता?

सहा ते दहा. चारपेक्षा कमी असाल आणि एखाद्याचा पाय मुरगळला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि दोघांनी मदतीला जायचं हे गणित बसत नाही. बारापेक्षा जास्त झालात की वाटेवर दोन टोळ्या पडतात आणि मधल्या फाट्यावर कोणीतरी चुकतं.

वाट माहीत असलेला पुढे, सगळ्यात धिमा त्याच्यामागे आणि सगळ्यात दमदार शेवटी. शेवटच्याने कोणालाही मागे टाकायचं नाही. नोव्हेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, म्हणून साडेसहाला चढायला लागा आणि अकरा-साडेअकरापर्यंत पायथा गाठा. स्वयंपाकाला अडीच तास धरा. दोनला जेवलात की परतीचा प्रवास उजेडात होतो.

पाणी किती न्यावं? गडावरच्या टाक्यातलं चालतं का?

ऑक्टोबरात माणशी तीन लिटर, डिसेंबरात दोन ते अडीच. स्वयंपाकाचं पाणी वेगळं: आठ जणांना रांधणं, पिणं आणि भांडी मिळून १५ लिटर. ते पायथ्याच्या गावात मिळतं, पण हातपंप बंद असू शकतो म्हणून एक भरलेला कॅन गाडीत असू द्या.

टाक्याचं पाणी नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. चार पदरी सुती कापडातून गाळा आणि खळखळा उकळवा. खळखळ सुरू झाल्यावर एक मिनिट पुरे. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत फार होते आणि तिसऱ्या दिवशी सगळी टोळी जुलाबांनी आडवी होते.

नुसतं पाणी ढोसत राहिलात तर पायात गोळे येतात. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि लिंबू, एवढं करून प्रत्येकाने किमान एक बाटली न्यावी. जालन्याकडून येत असाल तर मोसंबी आणा. चढावर दर तासाला अर्धी मोसंबी हा या हंगामातला सगळ्यात सोपा उपाय.

चूल कुठे आणि कशी मांडायची?

जागा: पायथ्याच्या गावातला आखाडा (शेतातलं वस्तीचं ठिकाण), मळा किंवा नांगरलेलं रिकामं रान, आणि तेही मालकाला विचारूनच. “रामराम मामा, घटकाभर चूल मांडू का?” एवढं विचारलं की बहुतेक वेळा जागाही मिळते आणि सरपणही. वाळलेल्या गवताच्या पडीक माळावर चूल नको. नोव्हेंबरपासून ते गवत कागदासारखं पेटतं आणि वाऱ्याने बांध ओलांडून शेजारच्या कापसात किंवा कडब्याच्या गंजीत शिरतं. चुलीभोवती चार हात जमीन पार उघडी हवी. तशी जागा नसेल तर गॅसची शेगडी काढा, त्यात कमीपणा नाही.

तीन दगड घ्या, पण ओढ्यातले नकोत. त्यांच्या भेगांत पाणी मुरलेलं असतं, ते तापून वाफ होतं आणि दगड फुटून तुकडे उडतात. बांधावरचे कोरडे, चपटे दगड निवडा. तोंड वाऱ्याकडे ठेवलं तर जाळ नीट लागतो. वारा जास्त असेल तर चूल थोडी आडवी फिरवा, नाहीतर जाळ मागून निघून जातो आणि पातेलं गार राहतं.

सरपणात तुऱ्हाट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) भसकन पेटतात आणि लगेच विझतात. भाकरीला त्या उत्तम. आमटी, शेंगोळे (हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या पिठाचे रस्स्यात शिजवलेले वळे) यांसाठी बाभळीची लाकडं, कारण तिचा विस्तव टिकतो. आठ जणांच्या जेवणाला सात-आठ किलो सरपण धरा. कण्हेरीचं लाकूड जाळू नका, तिच्या काड्यांना खोचून काही भाजूही नका. ती विषारी आहे.

पातेलं चढवण्याआधी बाहेरून ओल्या राखेचा किंवा मातीचा पातळ लेप द्या. काजळी लेपावर बसते आणि नंतर पाण्याच्या हाताने निघून जाते. हे विसरलं की संध्याकाळी घासताना मनगटं दुखतात.

विझवताना पाच-सहा लिटर पाणी ओता, राख काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. शेवटी राखेवर हाताची मागची बाजू धरून बघा. ऊब लागली तर अजून पाणी हवं. नुसती माती लोटून निघू नका, आत निखारा तासन्‌तास जिवंत राहतो.

कोणत्या महिन्यात शिवारात काय मिळतं?

ऑक्टोबर: ओल्या भुईमुगाच्या शेंगा, नवी बाजरी, अंबाडी, दोडका, गवार, भेंडी, काशीफळ आणि सीताफळ. बालाघाटाच्या उतारांवर, विशेषतः धारूर-आंबेजोगाई पट्ट्यात, सीताफळं आपोआप उगवलेली असतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे.

नोव्हेंबर: भरताची वांगी, मेथी, शेपू, आंबट चुका, आवळा, पेरू, नवा हुलगा. महिन्याच्या शेवटी तुरीच्या पहिल्या शेंगा भरतात.

डिसेंबर: सोले म्हणजे तुरीचे हिरवे दाणे, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, वाटाणा, पावटा, बोरं, गाजरं.

यादी पाठ करण्यापेक्षा वाटेतला आठवडी बाजार गाठा. ज्या माळव्याचे ढीग सगळ्यात मोठे, ते त्या आठवड्याचं. सिमला मिरची आणि पनीर शोधत फिरू नका.

शेतातून थेट घेताना काय विचारावं?

पहिला प्रश्न भावाचा नाही, फवारणीचा. तूर फुलोऱ्यात-शेंगांत असताना आणि हरभऱ्यावर घाटेअळी असताना फवारण्या होतात. शेवटची फवारणी कधी केली आणि कोणतं औषध होतं, हे विचारा. काढणीआधी किती दिवस थांबायचं ते औषधाच्या डब्यावर छापलेलं असतं. ते दिवस भरले नसतील तर त्या शेतातली भाजी घेऊ नका. शेतकरी स्वतःच सांगतो, “हे नका नेऊ, बांधापलीकडचं न्या.”

न विचारता एक शेंगही तोडू नका. आठ जणांनी चालता चालता मूठ-मूठ तोडली तर एका ओळीचं नुकसान होतं. पैसे बाजारभावाने द्या आणि घासाघीस करू नका. ऑक्टोबरात रब्बी ज्वारीची नुकतीच पेरणी झालेली असते. ते रान रिकामं वाटतं, पण त्यातून चालत गेलात तर उगवण तुडवली जाते. बांधावरूनच चाला.

सोबत न्यायला काय करावं?

धपाटे. आठ जणांना प्रत्येकी तीन धरून साधारण २५ होतात असं प्रमाण: ज्वारीचं पीठ १ किलो, बेसन २५० ग्रॅम, कणीक २५० ग्रॅम, १५-२० हिरव्या मिरच्या आणि दोन गड्डे लसूण जिऱ्यासोबत वाटून, ओवा एक चमचा, तीळ ५० ग्रॅम, हळद एक चमचा, मीठ सहा सपाट चहाचे चमचे, कोथिंबीर एक जुडी. लागेल तसं पाणी घालून भाकरीच्या पिठापेक्षा जरा सैल भिजवा. लिंबाएवढ्यापेक्षा मोठा, पेरूएवढा गोळा घ्या, ओल्या पांढऱ्या फडक्यावर पाण्याच्या बोटांनी थापा आणि मधे एक भोक पाडा. फडक्यासकट उचलून तव्यावर पालथा घाला, हलक्या हाताने फडकं सोलून घ्या. भोकात आणि कडेने तेल सोडा.

बिघडतं ते इथे: फडकं पुरेसं ओलं नसेल तर धपाटं त्याला चिकटून फाटतं. तवा कमी तापला तर वातड होतं. कांदा घातला तर संध्याकाळपर्यंत वास येतो. कांद्याशिवाय, पाण्यात भिजवलेले धपाटे थंडीत दोन दिवस टिकतात, दह्यात भिजवलेले दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच. आणि गरम गरम डब्यात भरू नका. सुती कापडावर पसरून पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर वाफेचं पाणी सुटून ते आंबतात.

सोबत ठेचा: १५० ग्रॅम मिरच्या तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजा, एक गड्डा लसूण, अर्धी वाटी भाजलेले दाणे, मीठ, आणि खलबत्त्यात ठेचा. पाण्याचा थेंब पडला नाही तर चार दिवस काही होत नाही.

एका पातेल्यात सगळ्यांचं पोट भरेल असं काय?

शेंगोळे. थंडीत डोंगर उतरून आलेल्या माणसाला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, असं आमचं ठाम मत आहे.

सहा जणांना: हुलग्याचं पीठ ४०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ अर्धी वाटी, कणीक दोन मोठे चमचे, १५ पाकळ्या लसूण आणि दोन चमचे जिरं वाटून, तिखट दोन चमचे, हळद, मीठ. घट्ट मळा, पुरीच्या कणकेइतकं. तेलाचा हात घेऊन तळव्यांमध्ये वळत करंगळीएवढी बारीक वळी करा आणि तिची टोकं जोडून कडं करा.

पातेल्यात चार चमचे तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, काळा मसाला. त्यावर अडीच लिटर पाणी आणि मीठ. पाणी खदखदू लागलं की शेंगोळे चार-चार करून सोडा, पुन्हा उकळी आली की पुढचे चार. सगळे एकदम टाकलेत किंवा पाणी नुसतं गरम असताना टाकलेत तर ते विरघळतात आणि पातेल्यात पिठलं उरतं. पहिली दहा मिनिटं डाव घालू नका, पातेलं कापडाने धरून हलवा. पुढे मध्यम जाळावर २० मिनिटं. एक मोडून बघा: आत पांढुरकी कोरडी रेघ दिसली तर अजून शिजायचं आहे. शेवटी मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा वाटीभर पाण्यात कालवून ओता, म्हणजे रस्सा दाटतो.

पीठ घरी मळून नेण्याचा मोह टाळा. लसणाचं ओलं पीठ चार-पाच तासांत आंबूस होतं. कोरडं पीठ-मसाला एका पिशवीत एकत्र करून न्या, लसूण तिथे ठेचा.

सोल्यांची आमटी पातळच राहते. काय चुकतं?

दोन किलो शेंगा सोलल्या की पाऊण ते एक किलो सोले निघतात, आठ जणांना पाऊण किलो पुरे. सोले आधी थोड्या तेलावर पाच-सात मिनिटं परता, साल सुरकुतली पाहिजे. मग त्यातले दोन भाग मिरची-लसणासोबत जाडसर वाटा आणि एक भाग अख्खा ठेवा. न परतता वाटलेत तर आमटीला हिरवट उग्र वास राहतो. फोडणीत वाटण तेल सुटेपर्यंत परतून दीड लिटर गरम पाणी घाला, १५ मिनिटं उकळा.

दाटपणा आणि चव येते येसराने. भाजलेलं धान्य, डाळ आणि मसाले दळून केलेलं हे पीठ मराठवाड्यातल्या घराघरात असतं. चार चमचे येसर गार पाण्यात कालवून मग आमटीत सोडा. कोरडं येसर उकळत्या आमटीत टाकलं की गाठी होतात, आणि त्या कितीही घोटल्या तरी फुटत नाहीत. येसर घातल्यावर पाच मिनिटांची उकळी पुरे.

सोलायला वेळ नसेल तर शेंगाच उकडा: दोन किलो शेंगा बुडतील इतकं पाणी, चार मोठे चमचे मीठ, २० मिनिटं. जाळ काढल्यावर आणखी पंधरा मिनिटं त्याच पाण्यात राहू द्या, मीठ तेव्हाच आत शिरतं.

चुलीवर भाकरी मोडते. का?

बहुतेक वेळा पीठ जुनं असतं. ज्वारी दळून महिना झाला की पिठाला विरी (चिकटपणा) राहत नाही आणि थापताना कडा चिरतात. अशा पिठाला उकळतं पाणी घालून दहा मिनिटं झाका, मग मळा. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांत कडू होतं, ते निघण्याच्या आदल्या दिवशीच दळून आणा.

भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूने लगेच पाणी फिरवा. ते सुकायला लागलं, पण अजून ओलसर चमक आहे, तेव्हा उलटा. पूर्ण सुकल्यावर उलटलीत तर तडे जातात आणि वाफ तड्यांतून निघून गेल्याने पापुद्रा सुटत नाही. खालची बाजू शेकली की तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवा.

आठ जणांना २० भाकरी, म्हणजे अडीच किलो पीठ. हात बसलेला नसेल तर गावातल्या मावशींना पीठ-सरपण देऊन भाकरी करून घ्या आणि त्यांच्या कष्टाचे पैसे द्या.

सीताफळ निवडायचं कसं आणि न्यायचं कसं?

हिरव्या डोळ्यांमधल्या भेगा पिवळट-पांढऱ्या होऊन रुंदावल्या की फळ तयार झालं. डोळे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर ते कधीच नीट पिकत नाही, काळं पडून दगड होतं. डोळे उघडलेली पण कडक फळं घ्या, गवतात किंवा कागदात ठेवा, तीन-चार दिवसांत पिकतात. कच्ची फळं फ्रिजमध्ये ठेवू नका. पिकलेलं फळ पाठीवरच्या पिशवीत नेलं तर त्याचा गर कपड्यांनाच मिळतो.

गर शिजवू नका, तापवला की कडवट होतो. बासुंदी करायची तर दूध आटवून पूर्ण गार झाल्यावर गर मिसळा. बिया ठेचून ठेवू नका आणि मुलांना खेळायला देऊ नका. बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते.

येळवसच्या भज्जीत काय काय असतं?

वेळ अमावस्या, म्हणजे लातूर-धाराशिवची येळवस, मार्गशीर्षातल्या अमावस्येला येते. त्या दिवशी गावं ओस आणि शिवारं भरलेली. औसा किंवा खरोशाकडे भटकायला गेलात तर वाटेतल्या कोपीवरून (शेतातल्या खोपटावरून) जेवायला हाक येतेच. नाही म्हणू नका, पण रिकाम्या हातानेही जाऊ नका.

दहा जणांच्या भज्जीला: सोले २५० ग्रॅम, वाटाणे २५० ग्रॅम, पावटा आणि ओला हरभरा मिळून ३०० ग्रॅम, भिजवलेले शेंगदाणे वाटीभर, मेथी, पालक, चुका यांच्या एकेक जुड्या, कांद्याची पात, दोन गाजरं. दाणे आधी उकडून घ्या, मग चिरलेल्या भाज्या. १५० ग्रॅम बेसन ताकात किंवा पाण्यात गुठळी न राहता कालवून ओता आणि सतत ढवळत १५ मिनिटं शिजवा. चुका कमी असेल तर चिंचेचा कोळ. मिरची-लसूण-जिऱ्याचं वाटण फोडणीत सढळ हाताने. बेसन घातल्यावर जाळ मोठा ठेवलात तर भज्जी बुडाला लागते आणि करपट वास सगळ्या पातेल्यात पसरतो. सोबत बाजरीचे उंडे (उकडलेले गोळे) आणि आंबील.

ऑक्टोबरात हुरडा मिळेल का?

नाही. रब्बी ज्वारी तेव्हा नुकती पेरलेली असते. डिसेंबरच्या शेवटापासून विचारा, खरा हंगाम जानेवारीत.

कुसळं आणि खाजकुयलीचं काय करावं?

कुसळं लोकरी किंवा जाळीदार मोज्यांत घुसतात आणि प्रत्येक पावलाला टोचतात. गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला आणि तिचे पाय मोज्यांवरून बाहेर सोडा.

खाजकुयलीच्या शेंगा याच दिवसांत पिकतात, वेलीवर सोनेरी-तपकिरी मखमलीसारख्या. केस अंगाला लागले की चोळू नका, चोळण्याने ते आणखी आत शिरतात. चिकटपट्टी हलकेच दाबून उचला. ती नसेल तर कणकेचा गोळा टेकवत टेकवत केस काढा. मग साबणाने धुवा आणि कपडे वेगळे ठेवा.

आग्या मोहोळ दिसलं तर?

कड्यांवर, लेण्यांच्या छतांना आणि दरवाज्यांच्या कमानींत ती असतातच. अत्तर लावून जाऊ नका, खाली धूर, आरडाओरडा, दगडफेक नको. माश्या उठल्या तर हात झटकू नका. तोंड-मान कापडाने झाका आणि सरळ रेषेत लांब पळा, गाडीत किंवा बंद खोलीत शिरा. टाक्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटे नखाने खरवडून किंवा चिमटीत धरून, कसेही पण लगेच काढा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा बरेच डंख झाले तर थेट दवाखाना.

साप चावला तर?

१०८ला फोन करा. माणसाला चालू देऊ नका, चावलेला अवयव मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधून स्थिर ठेवा, अंगठ्या-कडी काढा. आवळपट्टी, चिरा, चोखणं, मंत्र यांतलं काही नको. सर्पविषावरचं इंजेक्शन (प्रतिविष) असलेलं सरकारी रुग्णालय लवकर गाठणं एवढंच कामाचं. म्हणून निघण्याआधीच सगळ्यात जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते बघून ठेवा. फुरसं दगडांच्या खपल्यांखाली असतं, घोणस गवतात. चुलीसाठी दगड उचलताना आधी काठीने हलवा.

रात्री शेतातून आखाड्यावर जायचं असेल तर?

शक्यतो जाऊ नका. रानडुकरांसाठी काही जण कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. हे बेकायदेशीर आहे आणि यात माणसं दगावतात. कठडा नसलेल्या विहिरीही पिकात दिसत नाहीत. मालकाला फोन करून न्यायला बोलवा आणि त्याच्या मागे, गाडीवाटेनेच चाला.

उरलेलं अन्न आणि कचरा?

आमटी-भात चार तासांहून जास्त उबदार राहिला असेल तर गाडीत बांधून नेऊ नका. भाकऱ्या उरल्या तर न्या, दुसऱ्या दिवशी कुस्करून फोडणी दिली की चांगल्या लागतात. शेंगांची टरफलं आणि भाजीचे देठ मालकाला विचारून जनावरांपुढे टाका, पण सीताफळाच्या बिया त्यात जाऊ देऊ नका. वानरांना काहीही देऊ नका. प्लास्टिक आणि बाटल्या ज्या पिशवीतून आल्या त्याच पिशवीत परत. चुलीचे दगड जिथून उचलले त्या बांधावर ठेवा आणि निघताना मालकाला सांगून निघा.